सालदार की गुत्तेदार?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे सांगून ठेवले आहे. सांगणाऱ्याने ती पायरी पुष्कळदा चढून झाल्यावरच हे सांगितले असावे. पण कोर्टाच्या अलीकडे आणखी एक पायरी असते, वकिलाच्या घराची. तिच्याविषयी ही म्हण मूग गिळून बसते. त्यामुळे आपल्या घरांतून एक विलक्षण हिशेब रूढ झाला आहे. मुलीची पत्रिका जुळवायला दक्षिणा द्यायची, स्वयंपाकघराची दिशा पाहायला वास्तुशास्त्रवाल्याला बोलवायचे, म्हैस विकत घेताना पारखी माणसाला बरोबर नेऊन त्याला चहा-फराळ आणि वर दोनशे रुपये द्यायचे. पण ज्या कागदावर सही केली की पुढच्या काही वर्षांची भाकर ठरते, तो कागद वाचून घ्यायचा तर फुकट! असा फुकट वाचणारा एक प्राणी गावोगाव राखून ठेवलेला असतो. त्याला शाळामास्तर म्हणतात.

मी तो प्राणी आहे. वाशीम जिल्ह्यातल्या लोकांचे सातबारे, पीकविम्याची पत्रके, बँकांच्या नोटिसा वाचण्यात माझी कित्येक वर्षे गेली. त्यातून मी कादंबऱ्या लिहितो, हे गावाला ठाऊक आहे. "मास्तर बुकं लिवते, त्याले कागदातलं समजत असन," असा एक भोळा तर्क त्यामागे असतो. कादंबरीकाराला कागदातले जितके कमी समजते तितके दुसऱ्या कोणालाही समजत नाही, हे सांगूनही कोणी ऐकत नाही.

२०२४ च्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी असाच एक कागद घेऊन आला. मुलगा मंगरूळपीर तालुक्यातला, कॉम्प्युटर शिकलेला. पुण्याच्या एका कंपनीचे काम तीन वर्षे करीत होता. कागद सतरा पानांचा, अर्थात इंग्रजी. पहिल्याच पानावर लिहिले होते की हा मुलगा कंपनीचा नोकर नाही, स्वतंत्र 'कन्सल्टंट' आहे; नोकर आणि मालक असे कोणतेही नाते या दोघांत निर्माण होत नाही. मेहनताना महिना पन्नास हजार, तोही मुलाने दर महिन्याला बिल पाठवल्यावर.

आता या मुलाच्या घरी गेली तीन वर्षे काय चालले होते ते ऐका. आई गावभर सांगत होती, लेकाला पुण्याच्या कंपनीत नोकरी आहे. रिसोडकडची एक सोयरीक चालून आली, तेव्हा मुलीच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "पर्मनंट की ठेक्यावर?" मुलगा खरे बोलला. सुपारी अडकित्त्यातच राहिली. पुढे घरासाठी कर्ज पाहायला गेला तर बँकेने पगारदाराचा फॉर्म १६ मागितला; याच्याकडे होता १६ए. बँकेच्या भाषेत तो पगारदार नव्हता, आणि स्वतःचा धंदा म्हणावा तर दुकान कुठे आहे, हा प्रश्न. एका 'ए'ने त्याला लग्नाच्या आणि घराच्या, दोन्ही मांडवांबाहेर उभे केले होते.

कागद मांडीवर घेऊन मी बसलो असता त्याच्या वडिलांनी मला एकच प्रश्न केला. "मास्तर, मले एवढंच सांगा. आमचं पोट्टं सालदार हाये का गुत्तेदार?"

मोठमोठ्या कायदेपंडितांनी या विषयावर ग्रंथ लिहिले आहेत. पण त्या साऱ्या ग्रंथांचे सार या प्रश्नात आहे, असे माझे मत आहे.

आमच्याकडे सालदाराचे साल पाडव्याला ठरते. वर्षाचे पैसे, थोडे धान्य, कपडालत्ता असे बोलून घ्यायचे. मग बैल मालकाचे, वखर-डवरे मालकाचे, आणि कोणत्या वावरात केव्हा जायचे हे मालक सांगणार. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला वीज रात्री दोनला आली, तर सालदार रात्री दोनला उठणार. पीक बुडाले तर तोटा मालकाचा. सालदाराचे साल बुडत नाही, निदान बुडू नये. गुत्त्याचे तसे नाही. सोयाबीन सोंगायला आले की एकरी भाव ठरतो. विळे त्यांचे, माणसे त्यांची. दहा येतात की पंधरा, नवरा येतो की त्याच्या जागी मेहुणा येतो, हे मालकाने विचारायचे नाही. आज इथे, उद्या शेजारच्या वावरात. काम रेंगाळले तर खोट गुत्तेदाराची.

मुलाला मी विचारू लागलो. कॉम्प्युटर कोणाचा? कंपनीचा. वेळ? दहा ते सात, आणि सकाळी हजेरी. सुटी? साहेबांना विचारून. तुझ्याऐवजी मित्राला कामावर बसवता येईल? मुलगा हसला. दुसऱ्या कोणाचे काम घेता येते? नवव्या कलमात मनाई होती.

"म्हंजे बैल मालकाचे, वखर मालकाचं," वडील म्हणाले, "आन् पोट्टं म्हने गुत्तेदार!"

मुलाला अकोल्याच्या एका वकिलांचे नाव कोणी तरी सुचवले होते. कामगारांची प्रकरणे चालवणारे गृहस्थ. कागद तपासून सल्ला देण्याचे पाच हजार मागत होते. द्यावेत की नाही, यासाठीच खरे तर बापलेक माझ्याकडे आले होते. आणि इथे आमच्या शाळेतले गणिताचे शिक्षक मध्ये पडले. ते माझे स्नेही. रोज संध्याकाळी ओट्यावर येतात, आणि जगातला कोणताही प्रश्न त्रैराशिकाने सुटतो अशी त्यांची श्रद्धा आहे.

त्यांनी पाटी मांडली. पन्नास हजारांतून कंपनी दरमहा दहा टक्के, म्हणजे पाच हजार, कापून सरकारात भरते; कारण त्या वर्षी लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या १९४जे कलमाप्रमाणे व्यावसायिक शुल्कावर अशी सरसकट कपात होती. तोच पगार असता तर १९२ कलम लागले असते, आणि वर्षाचा खरा कर जेवढा होईल तेवढाच कापला गेला असता. वर्षाची आवक सहा लाख. नव्या करपद्धतीत २०२४-२५ साली सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होता. पुढच्या वर्षापासून तर ती मर्यादा बारा लाखांवर गेली. पगारदार म्हटले तरी कर शून्य. व्यावसायिक म्हणून, काही ठराविक व्यवसायांना जी निम्मी आवक हेच उत्पन्न धरण्याची सवलत होती ती घेतली, तरी कर शून्य. कापलेले साठ हजार विवरणपत्र भरले की परत. "शून्यातून शून्य वजा केले तर काय उरते?" त्यांनी मुलाला विचारले, जणू तो अजून आठवीतच होता. "मग वकिलाला पाच हजार कशाचे? सरकार महिन्याला पाच हजार कापते, ते निदान परत तरी देते!"

हिशेब चोख होता. कराच्या बाबतीत ते अगदी बरोबर होते, आणि मी हे मुद्दाम सांगतो. कारण शहरांतून हल्ली अशा स्वतंत्र काम करणाऱ्या पोरांना कराची भीती घालून कागद तपासण्याचे शुल्क घेणारेही असतात. लहान आवकीच्या माणसाला त्या भीतीपायी पैसे मोजण्याचे कारण नाही. पण पाटीवर न मांडलेली काही घरे होती. भविष्यनिर्वाह निधीत मालक जे बारा टक्के घालतो ते घर रिकामे होते. उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे, रिकामे होते. पगारी रजेचे रिकामे होते. आणि चौदाव्या कलमात काय होते ते तर आमच्यापैकी कोणाला धड कळलेच नव्हते.

गणिताच्या मास्तरांचा दुसरा मुद्दा अधिक टोकदार होता. ते म्हणाले, "तुम्हीच सांगता ना, की कायदा शब्द पाहत नाही, काम कसे चालते ते पाहतो? मग कागद तपासून उपयोग काय?"

त्यांचा रोख विड्यांच्या खटल्यांवर होता. ते मी त्यांना पूर्वी कधी तरी सांगितले होते, आणि त्यांनी ते माझ्यावरच उलटवले. गोष्ट सांगण्यासारखी आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या कामगारांनी रजेचा पगार मागितला. मालक म्हणाला, हे माझे कामगारच नव्हेत. हजार विड्यांमागे ठरलेला दर घेतात, वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा उठून जातात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बिरधीचंद शर्मा या नावाने तो निवाडा १९६१ च्या संग्रहात छापलेला आहे. न्यायालयाने पाहिले की विड्या कारखान्यातच वळाव्या लागतात, घरी नेता येत नाहीत. दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नाही. वाईट विड्या बाजूला काढल्या जातात. तेव्हा हे कामगारच, असा निकाल झाला. फार दिवस गेले नाहीत तोच सिन्नरच्या एका विडी कामगाराचे प्रकरण त्याच न्यायालयासमोर आले. तीच विडी, तेच पान, तोच सुताचा दोरा, भांडणही रजेच्या पगाराचेच. इथे मात्र येण्याजाण्याच्या वेळेचे बंधन नव्हते, कामावर म्हणण्यासारखी देखरेख नव्हती; आणि शंकर बालाजी वाजे या खटल्यात बहुमताने निकाल झाला की हा कामगार नव्हे. न्यायमूर्ती सुब्बाराव यांना ते पटले नाही, त्यांनी वेगळे मत लिहिले. अखेर १९६६ साली संसदेने विडी कामगारांसाठी निराळा कायदाच केला आणि त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायाबापड्यांनाही धरले. माझ्या विद्यार्थ्यांसारख्या, घरी बसून कॉम्प्युटरवर काम वळणाऱ्यांना धरणारा असा कोणी वाली अजून भेटायचा आहे.

बरे, नोकर ठरणे नेहमीच फायद्याचे असते असेही नाही. गुजरातेत नवसारी येथे एक डोळ्यांचे डॉक्टर एका संस्थेत मानद शल्यचिकित्सक म्हणून काम करीत. १९९७ साली त्या संस्थेच्याच छोट्या बसला अपघात होऊन ते गेले. विम्याच्या कागदात अट अशी, की संस्थेचा नोकर असेल तर विमा कंपनीची जबाबदारी पन्नास हजारांपुरतीच. लवादाने ठरवलेली भरपाई होती साडेसदतीस लाखांहून अधिक. म्हणजे घरच्यांचे सारे भवितव्य, आपला माणूस नोकर होता की नव्हता, या एका प्रश्नावर टांगलेले! सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली डॉक्टरांचा करार शब्दन् शब्द वाचला, नोकर नव्हे असे ठरवले, आणि घरच्यांना पुरी भरपाई मिळाली. तेवीस वर्षांनी. तो करार वाचताना डॉक्टरांच्या किंवा संस्थेच्या स्वप्नात तरी हा दिवस आला असेल काय?

गणिताचे मास्तर थोडे गप्प झाले. तेवढ्यात मुलाने त्याच्या एका सहाध्यायाची हकिकत सांगितली. तो कारंज्याचा मुलगा इंग्लंडात स्वतःची एकट्याची कंपनी काढून दुसऱ्या कंपन्यांची कामे घेतो. तिकडे या कोड्याचा बाजारच मांडलेला आहे. १९९९ च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पाबरोबर करखात्याने पस्तीस क्रमांकाचे एक पत्रक काढले, त्यावरून त्या नियमांना 'आयआर पस्तीस' असेच नाव पडले. अंमल एप्रिल २००० पासून. कंपनीच्या पडद्याआड खरोखर नोकरच बसला असेल तर त्याच्याकडून नोकरासारखाच कर घ्यायचा, असा त्याचा मतलब. सरकारी कामांत २०१७ पासून आणि बड्या व मध्यम खाजगी कंपन्यांत एप्रिल २०२१ पासून हे ठरवण्याचे ओझे काम देणाऱ्यावर गेले. काम देणारा लहान असेल तर मात्र ते काम करणाऱ्याच्याच माथी. करखात्याने लोकांना फुकट प्रश्नपत्रिका दिली आहे. ती सोडवली की कधीकधी उत्तर येते, ठरवता येत नाही! साहजिकच करार तपासून देणाऱ्यांची तिकडे दुकाने निघाली. आणि निकाल आपल्या विड्यांसारखेच. बीबीसीवर बातम्या सांगणाऱ्या क्रिस्टा अॅक्रॉइड २०१८ साली हरल्या. दूरचित्रवाणीवर गप्पा मारणाऱ्या लॉरेन केली २०१९ साली जिंकल्या आणि सुमारे बारा लाख पौंडांच्या मागणीतून सुटल्या. तिथे पाच-दहा लाखांचा कर या शब्दावर फिरतो, म्हणून तपासणीचे शुल्क देणे परवडते, इतकेच. त्यांचे पाहून आपणही तेच करावे, असे मला वाटत नाही.

मग मी बापलेकांना काय सांगितले? वकिलांकडे जा, असेच सांगितले. पण एक अट घातली. कागद हातात घेण्याआधी ते तुला प्रश्न विचारतात की नाही हे पाहा. विचारले तर पैसे दे. न विचारता नुसते चाळून 'ठीक आहे' असा शिक्का मारू लागले, तर नमस्कार करून परत ये. कारण गणिताच्या मास्तरांचेच म्हणणे खरे होते. कायदा काम पाहतो. मग काम न विचारता जो कागद तपासतो, तो नाडी न पाहता औषध देणारा वैद्य झाला. दुसरी गोष्ट वेळेची. सही झाल्यावर करार तपासून घेणे म्हणजे अक्षता पडल्यावर पत्रिका जुळवणे.

कागदाचे महत्त्व आमच्या वाशीमला तरी नवे असू नये. वत्सगुल्म हे तिचे जुने नाव. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा चौथ्या शतकातला ताम्रपट इथलाच. त्यात गाव दान दिल्यावर कोणकोणत्या देण्यांतून सूट, याची प्राकृतात चांगली लांब यादी आहे. राजाचा शब्द होता, तरी तोंडी भागले नाही. तांब्यावर कोरावे लागले.

शनिवारी आम्ही तिघे अकोल्याला गेलो. वकीलसाहेबांनी कागद टेबलावर पालथा ठेवला आणि पाऊण तास मुलालाच विचारत राहिले. बरेचसे प्रश्न वडिलांच्या त्या एका प्रश्नाचीच पिल्ले होती. मग कागद उलटा करून त्यांनी सरळ चौदाव्या कलमावर बोट ठेवले. त्याचा अर्थ असा निघाला: मुलाच्या कामातल्या चुकीने कंपनीच्या ग्राहकाचे जे काही नुकसान होईल, ते सगळे मुलाने भरून द्यायचे. कितीपर्यंत, ते लिहिलेलेच नव्हते.

"सगळं म्हंजे?" वडिलांनी विचारले.

"सगळे म्हणजे सगळे. पुढे शेत याच्या नावावर येईल ना?"

"वावर?" म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. सात एकर वावर, त्यातले तीन बरड. पण ते त्याच्या बापाने राखले होते आणि त्याने राखले होते. सालदारासारखे राबायचे आणि खोट मात्र गुत्तेदाराची सोसायची, असे ते कलम होते. दोन्ही नात्यांतले वाईट तेवढे वेचून एका पोराच्या पदरात बांधलेले.

वकिलांनी एक साधे, नम्र पत्र लिहून दिले. तीन मागण्या: भरपाईला तीन महिन्यांच्या मेहनतान्याची मर्यादा, काम सोडण्याची सूचना दोन्ही बाजूंनी तीस दिवसांची, कारण कागदात मुलावर नव्वद दिवसांचे बंधन होते आणि कंपनीवर एका दिवसाचे, आणि भविष्यनिर्वाह निधी. शिवाय तोंडी बजावले की हजेरीचे आणि सुटीच्या परवानगीचे सारे निरोप जपून ठेव. पुढेमागे कागद आणि काम यांचे भांडण लागले तर तेच साक्षीदार.

पहिल्या दोन मागण्या कंपनीने आठवड्यात मान्य केल्या. इतक्या सहज, की या कलमांकडे तिकडेही कोणी नीट पाहिले नसावे, असा मला संशय आहे. तिसरी साफ नाकारली. मुलाने सही केली. दुसरी नोकरी हाताशी नव्हती, आणि वकिलांनीही सही करू नको असे म्हटले नव्हते. निधीचा मुद्दा आजही लटकलेलाच आहे. सोयरिकीचेही म्हणाल तर रिसोडकडून पुन्हा निरोप आला नाही. दुसरीकडे बोलणी चालू आहेत, आणि आई अजून 'नोकरी' असेच म्हणते. तिला मी दुरुस्त करीत नाही.

पाच हजार वडिलांनी दिले, मुलाला देऊ दिले नाहीत. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात तोही मिळत नव्हता. म्हणजे क्विंटलभराहून जास्तच सोयाबीन त्या पाऊण तासात गेले. गणिताचे मास्तर हा हिशेब अजून अधूनमधून बोलून दाखवतात.

२०२५ च्या पाडव्याला वडिलांनी मला घरी बोलावले. सालदाराचे साल ठरायचे होते. दरवर्षी ते बाजेवर बसून, गूळ वाटून तोंडी ठरे. या खेपेला त्यांनी नातवाची शंभर पानी वही आणि पेन पुढे ठेवले. "लिवा मास्तर," म्हणाले. मी लिहिले: सालाचे पैसे इतके, इसार इतका, ज्वारी इतकी. लिहून झाल्यावर वही मिटू लागलो, तो उंबऱ्याशी बसलेला सालदार म्हणाला, "मास्तर, मले वाचून दाखवा."

मी वाचले. त्याने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, "दुखन्याखुपन्याचं काय? मांगच्या साली तापात धा रोज गेले, ते कापले होते."

मालकाने माझ्याकडे पाहिले, मग गुढीकडे पाहिले, मग बराच वेळ तंबाखू मळली.

"लिवा," ते म्हणाले. "दुखन्याचे पंधरा रोज कापू नाई."